रोमँटिक साहित्यात संगीत एवढे का येते? ऐकणाऱ्याकडे बघा

प्रश्न असा आहे: एम.ए.च्या नोट्समध्ये रोमँटिक साहित्यातले संगीत म्हणजे ‘भावनेचे प्रतीक’ एवढेच लिहिलेले असते. बुलबुल असो, वाऱ्यावर वाजणारी वीणा असो, शेतात गाणारी मुलगी असो की वेडा संगीतकार, सगळ्यांना एकच उत्तर. खरेच एवढेच असते का? आणि शब्दांवर जगणारी ही माणसे संगीताच्या एवढी मागे का लागली?

‘भावनेचे प्रतीक’ हे उत्तर चूक नाही, पण ते कुठल्याही काळातल्या कुठल्याही कवितेला चिकटवता येते, म्हणून निकामी आहे. मेघदूतातली यक्षपत्नी मांडीवर वीणा घेते, आसवांनी तारा भिजतात आणि स्वतःच बांधलेली मूर्च्छना ती विसरते. तिथेही भावनाच आहे. मग १८०० च्या आसपासच्या जर्मन आणि इंग्रज लेखकांनी वेगळे काय केले? माझे उत्तर थोडक्यात असे: त्यांनी वाजवणाऱ्यावरचा दिवा काढून ऐकणाऱ्यावर धरला. वर्गात मी एवढेच सांगतो, की सुरांचे वर्णन क्षणभर बाजूला ठेवा. ऐकतोय कोण ते शोधा आणि ऐकून झाल्यावर त्याचे काय होते ते बघा. बहुतेक वेळा त्याचे काहीतरी बिघडते.

थोडी पार्श्वभूमी लागेल, नाहीतर या मंडळींचा हट्ट कळत नाही. अठराव्या शतकातल्या युरोपी सौंदर्यविचारात शब्दांवाचूनच्या संगीताला फारसा मान नव्हता. चित्र कशाचे तरी असते, कविता कशाबद्दल तरी असते. नुसत्या वाद्यांचा सोनाटा कशाबद्दल असतो? गाण्याला निदान शब्दांचा टेकू असे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये निर्णयशक्तीवरच्या आपल्या ग्रंथात कलांची क्रमवारी लावताना, बुद्धीला काय मिळते या कसोटीवर, संगीताला सगळ्यात खाली बसवले. वर तक्रारही केली: खिशातून अत्तराचा रुमाल काढला की आसपासच्या सगळ्यांना तो वास घ्यावाच लागतो, तसे संगीत न विचारता शेजाऱ्याच्या घरात शिरते. तळटिपेत तर घरी मोठमोठ्याने भक्तिगीते म्हणणाऱ्यांवरही त्याने राग काढला आहे. (गणपतीत मांडवाशेजारी राहणाऱ्या वाचकाला कांट इथे एकदम जवळचा वाटेल.)

कांटच्याच क्योनिग्सबर्ग गावात १७७६ मध्ये एक मुलगा जन्मला. कांट शिकवत होता त्याच विद्यापीठात १७९२ मध्ये तो कायदा शिकायला दाखल झाला आणि पुढे त्याने ही क्रमवारी उलटी करून टाकली. तो ई. टी. ए. हॉफमन. पण त्याच्याआधी वाकेनरोडरकडे जाऊ, कारण खरी ठिणगी तिथली आहे.

विल्हेल्म हाइनरिश वाकेनरोडर १७९८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, विषमज्वराने गेला. मित्र लुडविग टीक याच्या साथीने त्याने कलेवर एक छोटे पुस्तक केले होते. ते १७९६ च्या अखेरीस निघाले. त्याच्या शेवटी योसेफ बेर्गलिंगर या काल्पनिक संगीतकाराची कथा आहे. बाप गरीब डॉक्टर, आजाऱ्यांच्या सेवेत बुडालेला. घरात बहिणींचा गोतावळा. योसेफ बिशपच्या शहरात नातेवाइकाकडे राहायला जातो आणि तिथल्या चर्चमध्ये संगीत ऐकून हरवून जातो. मैफिलीतही तो देवळात बसल्यासारखा, मान खाली घालून, हलायचे नाही अशा रीतीने बसतो. ही बसण्याची पद्धत तेव्हा नवी होती. आज पाश्चात्त्य संगीताच्या सभागृहात खोकला दाबून बसणारा प्रेक्षक दिसतो, त्याचा साहित्यातला पूर्वज हा योसेफ.

पुढे तो घरातून पळतो, शिकतो, दरबाराचा संगीतप्रमुख होतो. इथे साधा लेखक थांबला असता. वाकेनरोडर थांबत नाही. योसेफला कळते, की जे सूर ऐकून आपण आकाशात जात होतो ते बसवायला रुक्ष नियमांचे व्याकरण घोकावे लागते. समोरचे श्रोते रेशीम आणि जरीत बसून कंटाळलेले असतात. दरबारात हेवेदावे असतात. एक दिवस धाकटी बहीण फाटक्या कपड्यांत त्याला शोधत येते, कारण बाप मरणाला टेकलेला आहे. तो जातो, बाप जातो, आणि त्या दुःखातून ईस्टरसाठी एक संगीतरचना उभी राहते. ती पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत योसेफही संपतो. नंतर, वाकेनरोडरच्या मृत्यूनंतर, टीकने १७९९ मध्ये काढलेल्या दुसऱ्या पुस्तकात याच योसेफचे एक पत्र आहे. त्यात तो कलेला भुरळ घालणारे, निषिद्ध फळ म्हणतो: एकदा रस चाखला की माणूस कामाच्या जगाला मुकतो, बाहेर लोक हाल सोसत असताना हा आपला सूर जुळवत बसतो.

हे लक्षात घ्या, कारण ‘रोमँटिक लोकांनी संगीताला देव केले’ असे जे सरसकट लिहिले जाते त्याला पहिल्याच पुस्तकात छेद जातो. देव्हारा त्यांनीच मांडला आणि पहिली शंकाही त्यांनीच घेतली. संगीतासाठी रडणारा योसेफ बापाच्या दवाखान्यात कधी रडला नव्हता, हे टोचणे कथेत सतत आहे.

त्याच १७९९ च्या पुस्तकात एका नग्न साधूची गोष्ट आहे, ‘पूर्वेकडच्या देशांतली’ म्हणून सांगितलेली. हा पूर्व म्हणजे जर्मन कल्पनेतला पूर्व, आपण त्यात आपला गाव शोधायला जाऊ नये. साधूला काळाचे चाक अखंड गरगरताना ऐकू येते, आणि तेच फिरवतो आहोत अशा थाटात तो रात्रंदिवस हातपाय झाडत असतो. शेजारी कोणी लाकडे तोडली, पाला वेचला तरी तो खवळतो: काळ असा धावत असताना यांना असली कामे सुचतातच कशी! एका चांदण्या रात्री नदीतून नावेत दोन प्रेमिक जातात, नावेतून गाणे तरंगत येते आणि पहिल्या सुरासरशी ते चाक गायब होते. साधू देह सोडून आकाशात नाचत जातो. नावेतल्या दोघांना आपण काय केले याचा पत्ता नाही. संगीत काळातून सोडवते, हा विचार नंतर जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने १८१८ च्या ग्रंथात तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडला. त्याच्या मते इतर कला जगाच्या छाया दाखवतात, संगीत जगाच्या मुळाशी असलेल्या इच्छाशक्तीचीच प्रत असते. पण साधूच्या गोष्टीत सुटकेचा अर्थ सरळ मरणच आहे, हे वाचताना निसटू देऊ नका.

आता हॉफमन. मोझार्टच्या प्रेमापोटी स्वतःच्या नावातले विल्हेल्म काढून अमाडेउस घालणारा हा माणूस पेशाने न्यायाधीश, शिवाय संगीतकार, बाम्बर्गच्या नाट्यगृहात संगीतदिग्दर्शक, समीक्षक आणि कथाकार. १८१० मध्ये लाइपझिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकात त्याने बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीचे परीक्षण लिहिले. संगीत ही सर्व कलांत सर्वांत रोमँटिक, जवळजवळ एकमेव खरी रोमँटिक कला, कारण अनंत हाच तिचा विषय. बीथोव्हनचे संगीत भय, थरार आणि वेदनेची कळ दाबते आणि अनंताची ओढ जागी करते, हा त्यातला गाजलेला भाग. शब्द नाहीत म्हणून जे संगीत खालचे, तेच आता शब्द नाहीत म्हणून सगळ्यात वरचे झाले.

पण मूळ परीक्षणाचा मोठा हिस्सा निव्वळ तांत्रिक आहे. स्वरलेखनाची उदाहरणे देऊन, कुठला छोटा आकृतिबंध कुठे परत येतो, अख्खी रचना त्या एका बीजातून कशी बांधली आहे, हे तो दाखवतो. बीथोव्हन बेभान नाही, पुरता शुद्धीवर आहे, हेच त्याला सिद्ध करायचे आहे. पुढे हॉफमनने हा मजकूर कथासंग्रहात घेताना तांत्रिक भाग काढून टाकला. संकलनांतून आपल्यापर्यंत बहुधा ही कापलेली आवृत्ती येते, आणि मग विद्यार्थी लिहितात की हॉफमनला संगीत म्हणजे धुके वाटे. तो माणूस रचनेचे एकेक मोजमाप घेत होता.

त्याच्या कथांत मात्र ऐकणाऱ्यांची धडगत नसते. १८०९ च्या पहिल्या गाजलेल्या कथेत बर्लिनमधला एक विचित्र गृहस्थ निवेदकाला घरी नेऊन संगीतकार ग्लुकची रचना वाजवून दाखवतो. समोर उघडलेल्या वहीची पाने कोरी आहेत आणि निवेदकाने ती योग्य वेळी उलटायची आहेत. शेवटी तो सांगतो, मी स्वतः ग्लुक आहे. ग्लुक वारला १७८७ मध्ये. भूत की वेडा, हॉफमन सांगत नाही. मला विचाराल तर कोरी पाने अधिक महत्त्वाची: ऐकलेले सगळे खरे, आणि कागदावर काहीच नाही.

‘क्रेस्पेल’च्या कथेत अंटोनिया नावाच्या मुलीचा आवाज अलौकिक आहे, पण तो तसा आहे तिच्या छातीतल्या एका दोषामुळे. गायली तर मरेल, असे डॉक्टर सांगतात. बाप क्रेस्पेल जुनी व्हायोलिने विकत घेऊन, एकदा वाजवून, आत काय आहे ते बघायला सुटी करणारा. कथा वाचताना सगळे त्याच्या विक्षिप्तपणाकडे बघतात. निवेदकाकडे बघा. त्याने तिला एकदाही ऐकलेले नाही, फक्त ख्याती ऐकली आहे, आणि काहीही करून तिला गायला लावायचे या हव्यासाने तो त्या घरात घिरट्या घालतो. क्रेस्पेल त्याला हाकलतो ते बरोबरच करतो. रसिकता कुठल्या क्षणी शिकारीत बदलते, हे मी या कथेइतके नेमके दुसरीकडे वाचलेले नाही. आणि १८१६ च्या ‘वाळूवाला’ कथेत नाथानाएल ऑलिंपिया नावाच्या यांत्रिक बाहुलीचे गाणे ऐकून वेडा होतो. इतरांना तिची लय नको तितकी अचूक वाटते, काहीतरी चुकते आहे हे जाणवते. याला मात्र तिच्यात अथांग आत्मा दिसतो, कारण ‘आह, आह’ यापलीकडे ती काही बोलतच नाही. ज्या रिकामेपणात अनंत सापडतो म्हणून परीक्षणात जयघोष होता, त्याच रिकामेपणात माणूस स्वतःचाच चेहरा बघत बसतो, हे त्याच लेखकाने सहा वर्षांत लिहून ठेवले.

या सगळ्यांत एकच कथा निवडायची झाली तर मी जर्मन लेखक क्लाइस्टची निवडेन. १८१० मध्ये आधी वृत्तपत्रात आलेली, पुढच्या वर्षी वाढवून संग्रहात घेतलेली. नाव संत सेसिलियाचे आणि उपनाव ‘संगीताचे सामर्थ्य’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आखेन शहरात चार प्रोटेस्टंट भाऊ एका मठातल्या मूर्ती फोडायला टोळी घेऊन उत्सवाच्या दिवशी चर्चमध्ये येतात. जोगिणींचा वाद्यवृंद प्रसिद्ध, पण तो चालवणारी भगिनी अंटोनिया तापाने बेशुद्ध. अचानक तीच स्वरलिपीची वही घेऊन हजर होते, एक जुनी इटालियन रचना सुरू होते आणि चौघे भाऊ टोप्या काढून खाली वाकतात. मोडतोड होतच नाही. सहा वर्षांनी आई शोधत येते, तेव्हा चौघे वेड्यांच्या इस्पितळात आहेत. दिवसभर क्रूसासमोर गप्प. मध्यरात्री उठून त्या रचनेतले ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र गातात, पण अशा आवाजात की खिडक्या हादराव्यात, श्वापदे ओरडावीत तशी. त्यांना कसले दुःख नाही, ते आनंदात म्हातारे होऊन मरतात. आणि त्या सकाळी अंटोनिया कोठडीत निपचित पडून होती, त्याच संध्याकाळी वारली, असेही साक्षीदार सांगतो.

चमत्कार की शिक्षा? धर्माचा विजय की धर्माची थट्टा? क्लाइस्ट सरकारी अहवालाच्या कोरड्या भाषेत सांगत राहतो आणि एकही कौल देत नाही. मला त्यात भीषण वाटते ते एवढेच, की संगीताने त्यांना बदलले आणि मग सोडलेच नाही.

इंग्रज कवींकडे वळले की हवा एकदम मोकळी होते, निदान वरवर. त्यांचे आवडते वाद्य वाऱ्याची वीणा: लांबट लाकडी पेटी, वर बहुधा आतड्याच्या तारा, जाडी वेगवेगळी पण सगळ्या एकाच सुरात लावलेल्या. पेटी खिडकीत ठेवायची. वारा तारेला ओलांडताना मागे भोवरे सुटतात, त्यांनी तार थरथरते आणि वाऱ्याच्या वेगाप्रमाणे तिचे वरचे उपस्वर उमटतात. वाजवणारा कोणी नाही, सुरावट ठरलेली नाही. वर्णन आथानाझिउस किर्शरने १६५० मध्येच केले होते, पण कवींना तिचे वेड लागले दीडशे वर्षांनी. कोलरिज १७९५ मध्ये विचारतो: सगळी सजीव सृष्टी अशा वीणाच असेल आणि एकच वारा सगळ्यांतून वाहत असेल तर? शेजारी बसलेली त्याची प्रेयसी सारा नापसंतीने बघते आणि तो गडबडीने माघार घेतो. फार गोड क्षण आहे तो. १८०२ च्या विषादाच्या ओडमध्ये (ओड म्हणजे एखाद्याला उद्देशून लिहिलेली गंभीर, दीर्घ कविता) तीच वीणा परत येते, पण आता ती कण्हते, किंचाळते, आणि कवी म्हणतो हिने गप्प राहिलेले बरे. सात वर्षांत वारा बदलला नव्हता.

शेलीने या प्रतिमेला एक आवश्यक दुरुस्ती केली. १८२१ मध्ये लिहिलेल्या, १८४० मध्ये छापल्या गेलेल्या काव्यविषयक निबंधात तो म्हणतो, माणूस या वीणेसारखा खरा, पण त्याच्या आत काहीतरी असे आहे जे नुसते वाजत नाही, जुळवून घेते. नुसती वीणा ऐकत नसते.

वर्ड्सवर्थची एकटी कापणी करणारी मुलगी तुम्ही शिकलाच असाल. १८०५ ची कविता. कवितेतला स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख त्याने १८०३ मध्ये पाहिला होता, पण ही मुलगी एका मित्राच्या हस्तलिखित प्रवासवर्णनातून आली आहे. म्हणजे ते गाणे त्याने स्वतः ऐकलेच नव्हते. ती गेलिक या तिथल्या भाषेत गाते आणि कवीला एक शब्द कळत नाही. ‘काय गाते आहे कोणी सांगेल का?’ असे तो विचारतो, कोणी सांगत नाही, आणि कविता त्यावरच उभी राहते. अर्थ कळला असता तर कविता झाली नसती. मुलीची बाजू मात्र मला नेहमी टोचते: ती राबते आहे, गाते आहे, आणि तिच्या शब्दांची वाहवा ते न कळल्याबद्दल होते आहे.

कोलरिजच्या ‘कुब्ला खान’मध्ये वाद्य वाजवणारी अबिसिनियन मुलगी स्वप्नात दिसून गेलेली आहे, तिचे संगीत परत आठवले तर मी तो महाल हवेत बांधीन, असे कवी म्हणतो, म्हणजे आठवत नाही. कीट्स १८१९ मध्ये सांगतो की न ऐकलेल्या सुरावटी अधिक गोड. त्याच वर्षी हॅम्पस्टेडच्या बागेतला बुलबुल ऐकताना त्याला वाटते, याच क्षणी मरावे. आणि पुढच्याच ओळीत लक्षात येते की मग तू गात राहशील आणि माझे कान मातीचे झालेले असतील. मरणाच्या मोहाला इतके साधे, कानाचे उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही. ऐकणारा गेला की संगीत गेले. कळलेच नाही, आठवत नाही, ऐकूच आले नाही: तिन्ही ठिकाणी सूर हातात नाहीत आणि कविता त्या पोकळीभोवती बांधली आहे.

लोकगीतांचा भाग मोठा आहे, पण तुमच्या प्रश्नाच्या कडेचा. हेर्डरचा संग्रह (१७७८-७९), बर्न्सने स्कॉटिश गाण्यांसाठी केलेले अफाट काम, आर्निम आणि ब्रेंटानोचे जर्मन संकलन (१८०५-०८) यांतून ‘गाणारी जनता’ ही कल्पना आली. एवढे ध्यानात ठेवा की हे संपादक ओळी बिनधास्त बदलत. विल्हेल्म म्युलरच्या कवितांवर शुबर्टने १८२७ मध्ये केलेल्या हिवाळी प्रवासाच्या गीतमालेचा शेवट मात्र इथे हवाच: गावाबाहेर बर्फात अनवाणी म्हातारा हाताने फिरवून वाजवायचे वाद्य वाजवतो आहे, कोणी ऐकत नाही, ताटलीत नाणे नाही. पहिल्यांदाच वादक आहे आणि श्रोता नाही. मग भटका त्याला विचारतो, माझ्या गाण्यांना साथ करशील का?

मराठीत याचा खरा धागा केशवसुतांपाशी (१८६६-१९०५) जुळतो. इंग्रजी रोमँटिक कविता त्यांनी वाचलेली होती हे सर्वश्रुत आहे. ‘सतारीचे बोल’मध्ये अंधाऱ्या रात्री, विष खावे की काय अशा मनःस्थितीत एकजण रस्त्याने हिंडतो आहे, खिडकीतून ‘दिड दा, दिड दा’ ऐकू येते. पहिली प्रतिक्रिया संतापाची. तो त्या खिडकीकडे मूठ वळून हात हिसकतो, वाजवणाऱ्याला शिव्या देतो. मग पाय अडतात, डोळे भरतात, हळूहळू मन निवते. क्लाइस्टचे भाऊही फोडायला आले होते. पण केशवसुतांचा माणूस शांत होऊन घरी जातो, झपाटला जात नाही. आणखी एक: आपल्याकडे वाद्याला बोल असतात, त्यामुळे सतार कवितेत जशीच्या तशी वाजू शकते. हॉफमनला ती सोय नव्हती. त्याला कोरी पाने दाखवावी लागली.

वाचायचा क्रम विचारत असाल तर आधी क्लाइस्ट, मग ‘क्रेस्पेल’, मग बेर्गलिंगर. कविता त्यानंतर, आणि सिद्धान्त सगळ्यात शेवटी. शोपेनहाउअर आधी वाचला की प्रत्येक कवितेत तोच दिसू लागतो. रससिद्धान्ताचेही तेच: अमुक रागाचा अमुक रस ही आपली मांडणी निश्चितीकडे झुकते, हॉफमनचे कौतुक नेमके अनिश्चिताचे आहे, त्यामुळे तुलना करायची तर हा फरक पहिल्या परिच्छेदात लिहा. परीक्षेत वीस गुणांचे उत्तर असेल तर दहा कवींची यादी देऊ नका. दोन ऐकणारे घ्या, एक जर्मन आणि एक इंग्रज, आणि ऐकण्याआधी ते कसे होते व नंतर कसे झाले एवढेच नीट लिहा. ‘भावनेचे प्रतीक’ हे शब्द वापरायची वेळच येणार नाही.